एका घोटाची दीक्षा

एकघडा पंथात सगळ्या जातींची माणसं एकाच घड्यातलं पाणी प्यायची. तीच त्यांची दीक्षा. पंथ गावोगाव पसरू लागला, तसं सुभेदार रायाजीरावांचं डोकं फिरलं. "त्या घड्यातला घोट जो घेईल, तो गावाबाहेर!" अशी दवंडी पिटवून ते भर उन्हात पंथाची दीक्षा देणाऱ्या ठकूबाईला हाकलायला निघाले.

वेशीजवळ घसा कोरडा पडला. एका म्हातारीनं ओसरीवर पाणी दिलं. तांब्या रिकामा करून त्यांनी विचारलं, "ती ठकूबाई कुठं राहते गं?"

"मीच की! आणि घडा हा."

सुभेदारांच्या हातून तांब्याच गळून पडला.

"दवंडी ऐकून मी गाठोडं बांधलंच होतं, सरकार," ठकूबाई म्हणाली. "चला, बरोबरच गावाबाहेर जाऊ. घडा तेवढा तुम्ही घ्या."