जोड्या लावा

"पण मी सांगितलंच नाही, तर मुलांना कळणार कसं, बाई?"

इनामदार बाई ओटीवर बसून वाल सोलत होत्या. मोड आलेले, भिजून टरारलेले वाल. अंगठ्याने जरा दाबलं की दाणा सालातून सटकन निसटायचा.

"काय काय सांगतोस?"

"सगळं."

उन्मेष तावरेने काखेतली गुंडाळी काढली आणि चार्टपेपर ओटीवर उलगडला. डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ. वादळ, संकट. पिंजरा, बंधन. विझलेली पणती, मृत्यू. मधे लाल शाईच्या रेघा, पट्टीने मारलेल्या.

"सुबक आहे," बाई म्हणाल्या.

उन्मेषला बरं वाटलं. याच बाईंच्या वर्गात त्याला मराठीचं वेड लागलं होतं. त्या वेडापायी तो एम.ए. झाला, आणि पुण्यातली बरी नोकरी सोडून, घरच्यांची बोलणी खाऊन, आपल्याच गावच्या शाळेत शिकवायला आला. मुलांनी उत्तरं पाठ करू नयेत, गोष्ट वाचावी. एवढंच त्याला हवं होतं. लगेच हवं होतं.

"आणि वाचताना मी मधेच थांबतो," तो म्हणाला. "म्हणतो, हे बघा, इथे वीज चमकली. पुढे काहीतरी वाईट होणार, त्याची ही चाहूल. पेन्सिलने खूण करा."

"मग?"

"करतात खूण."

"आणि?"

"...जांभया देतात."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

"काल तो परब काय विचारतो? सर, हे परीक्षेला 'जोड्या लावा'मध्ये येणार का!" उन्मेषचा आवाज तापला. "सोमवारी मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसणार आहेत. तास पडला, तर नववी माझ्याकडून काढून घेणार. तोंडावर सांगितलंय, तावरे, ती प्रतीकं-बितीकं पुरे झाली, गाइडातली उत्तरं लिहून द्या. मी नाही देणार, बाई. आणि नववीही सोडणार नाही. पण या पोरांना दिसत का नाही? मी बोट ठेवून दाखवतोय, तरी?"

बाईंनी चार्ट स्वतःकडे ओढला. पालथा घातला. आणि सालांचा ओला ढीग त्यावर सरकवला.

"बाई!"

"ताटात जागा उरली नव्हती." त्यांनी मूठभर वाल त्याच्यापुढे ठेवले. "हात चालव. गोष्ट सांगते."

तो रागातच सोलू लागला.

"एक म्हातारा होता, एक म्हातारी. घराच्या दाराला कडी होती, ती पार वर, चौकटीला. म्हातारी बुटकी. तिचा हात काही पोचायचा नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून दिवेलागणीनंतर म्हातारा उठायचा, कडी लावायचा. ती कुरकुरायची, कुणी मेल्याने ही ताडावर नेऊन ठोकली? तो म्हणायचा, मी आहे ना."

"कडी म्हणजे इथे संरक्षणाचं..."

"सोल."

त्याने पुढचा वाल उचलला.

"एकदा म्हातारा तालुक्याला डॉक्टरकडे गेला. संध्याकाळच्या एस.टी.ने परत आला. ती म्हणाली, काय म्हणाले? तो म्हणाला, काय म्हणणार, वय झालं म्हणाले. आमटी छान झालीय, अजून वाढ. जेवला, झोपला. सकाळी उठून सुताराला बोलावणं धाडलं. कडी उपटून काढली आणि हातभर खाली बसवून घेतली. ती म्हणाली, आता या वयात ही कसली उठाठेव? तो म्हणाला, ढिली झाली होती."

बाईंनी एक किडका वाल बाजूला टाकला.

"दिवेलागण झाली. तो जागचा उठला नाही. तिला म्हणाला, जा, लाव बघू. तिने लावली."

बाई सोलत राहिल्या...

उन्मेषचे हात केव्हाचे थांबले होते.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"असं कसं? तिला कळलं की नाही?"

"काय कळायला हवं होतं?"

"तो जाणार आहे ते!" उन्मेष ताडकन म्हणाला. "हा काय प्रकार आहे? जन्मभराची सोबत, आणि म्हणे ढिली झाली होती! सरळ सांगायला काय झालं होतं त्याला?"

"तो जाणार, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच... "

बाईंनी मान वर केली.

उन्मेषने गोष्ट मनातल्या मनात पहिल्यापासून फिरवली. डॉक्टर. आमटी. सुतार... कुठेच नव्हतं.

"नाही सांगितलंत," तो हळू म्हणाला.

"बरं, आता जोडी लाव. कडी म्हणजे काय? एका शब्दात हवं."

"मृत्यू."

बाईंनी ताटात पडलेली दोन सालं वेचून काढली.

"नाही... माया. म्हणजे, काळजी. पण नुसती काळजी नाही, त्याला तिला शिकवायचंही..." तो अडखळला. "एका शब्दात नाही बसत."

"चार्टवर जागा कर."

उन्मेषने सालांकडे पाहिलं. ओल झिरपून पालथ्या कागदावर लाल शाईचे डाग उमटू लागले होते. त्याने चार्ट उचलला नाही.

"म्हणजे मुलांना काही सांगायचंच नाही?"

"मी सांगितलं नाही का? सुतार सांगितला. हातभर सांगितलं."

दोघांनी उरलेले वाल सोलून संपवले. मग उन्मेषने हात जुन्या धोतराच्या फडक्याला पुसले आणि तो उठला.

"सोमवारी हीच गोष्ट सांगणार. 'लाव बघू'नंतर तिने कडी लावली, की थांबणार."

"वर्ग गप्प बसला तर?"

"मीही गप्प उभा राहीन."

"साहेब घड्याळ बघतील."

"बघू देत."

"बोलावून घेतील ऑफिसात. म्हणतील, तावरे, अर्धा तास काय शिकवलंत?"

"म्हणेन, अजून अर्धा तास द्या."

"आणि परबने विचारलं, सर, परीक्षेला येणार का?"

उन्मेष पहिल्यांदाच हसला. "सांगेन, मला ठाऊक नाही रे बाबा."

बाईंनी मान डोलावली, जेमतेम दिसेल इतकी.

तो पायऱ्या उतरला. अंगणातून परत फिरला.

"पण बाई, त्यांना दिसलं, हे मला कसं कळायचं?"

"कुणीतरी तुझ्यावर चिडेल," बाई म्हणाल्या. "त्याला गप्प बसवू नकोस."