गोजराची खाडाखोड

“कोडं सुटेपर्यंत राजवाड्यात कुणीही जेवायचं नाही!” महाराज चौरंगसेनांनी हुकूम सोडला आणि मुदपाकखान्याला कुलूप लागलं. स्वतः महाराजही उपाशी! हट्टाला पेटले की ते स्वतःलाही सोडत नसत.

कोडं चौकटीचं. सोळा घरं, चार रंगांचे खडे. उभ्या-आडव्या ओळीत एकही रंग दोनदा नको. हे दरबारानं चुटकीसरशी सोडवलं. मग महाराजांनी कर्णांची अट वाढवली. सुटलं! मग कोपऱ्यातल्या चार-चार घरांचीही. तेही सुटलं! तेव्हा चिडून ते ओरडले, “आता एका रंगाचे खडे कोपऱ्याला कोपरा लावूनसुद्धा बसता कामा नयेत!”

झालं! प्रधानजी एक खडा हलवत, तर दुसरा अडे. सेनापतींना भोवळ आली. वाढपीण गोजरा पोट आवळून सगळं बघत होती. महाराजांनाही उत्तर ठाऊक नाही, हे तिनं केव्हाच ओळखलं होतं.

“महाराज, मी सोडवू?”

“तू? सोडव की!”

“पण भुकेनं डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. लाल काय, पिवळा काय, सगळे खडे सारखेच! त्यांच्याऐवजी लाडू, करंज्या, अनारसे नि चिरोटे मांडू?”

“मांड.”

“आणि चुकलं तर खाडाखोड चालेल ना?”

“अगं, कोडं म्हटलं की खाडाखोड आलीच!”

कुलूप उघडलं, परातीच्या पराती आल्या. गोजरानं भराभर सोळा घरं भरली.

“अगंबाई! लाडवाला लाडू लागला. प्रधानजी, खोडा बरं!”

“खोडू? कसा?”

“कसा म्हणजे? तोंडानं!”

प्रधानजींनी लाडू खोडला. सेनापतींनी चार करंज्या खोडल्या. पहारेकरी भाले टाकून धावले. गोजरा मांडतेय, चुकतेय, पुन्हा मांडतेय! महाराजांनीही सात अनारसे खोडले आणि आठवा तोंडात असतानाच थबकले.

“थांब! कोडं कुठे सुटलंय?”

“ते सुटणारच नाही, महाराज! तुम्हीच कोपऱ्याच्या घरात एक लाडू ठेवून बाकीचे तीन लाडू मांडून दाखवा.”

महाराजांनी मांडून पाहिले. अडले! दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात केली. तिथेही अडले!

“म्हणजे सगळ्यांनी माझा हुकूम मोडला? कोडं सुटायच्या आधीच जेवलात?”

“छे हो! जेवलंय कोण?” गोजरानं हनुवटीवरचा रवा पुसला. “आम्ही तर नुसती खाडाखोड केली!”

महाराज इतके हसले, इतके हसले, की अनारशाची खसखस थेट प्रधानजींच्या पगडीवर उडाली. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं आणि तिथल्या तिथे नवा हुकूम सोडला, “यापुढे कोडी जेवणानंतरच!”