गाळातली पंगत

तळ्याकाठी माणसांचा दवाखाना नवा नवा झाला, तेव्हाची ही गोष्ट. गोळ्या-औषधांचा उरलासुरला अंश सांडपाण्यातून तळ्यात यायचा आणि मासे गुंगून उलटे तरंगायचे. हवेवर जगणाऱ्या वरच्या जिवाणूंनी त्याला दात लावून पाहिले, पण तो काही तुटेना. शेवटी तो तळाच्या काळ्या गाळात जाऊन बसला.

तिथे हवेचा पत्ता नव्हता. तरी काळूतात्या आणि त्यांची जिवाणूमंडळी त्याच औषधाची मजेत पंगत मांडून बसली होती. त्यांची रीतच अशी, की अख्खा घास एकट्याने खायचा नाही. आपण एक तुकडा तोडायचा आणि उरलेलं शेजाऱ्याकडे सरकवायचं.

मरळ मासोळीला मात्र त्यांची दया आली. “अहो, गुदमराल की!” म्हणत तिने शेपटीने गाळ घुसळला आणि वरचं हवेशीर पाणी खाली लोटलं. झालं! पंगत जागीच थिजली. अर्धवट तुटलेलं औषध वर आलं आणि मरळीचीच पिल्लं गरगरू लागली.

“बाई, हवा तुम्हाला लागते, आम्हाला ती बाधते,” काळूतात्या कसेबसे म्हणाले. “मदतच करायची असेल, तर तेवढं दार लावून घ्या!”

मरळ ओशाळली. गाळ खाली बसेपर्यंत तिने शेपूटसुद्धा हलवली नाही.

काही दिवसांनी पिल्लं पुन्हा सरळ पोहू लागली. मरळीने वरूनच विचारलं, “तात्या, झालं का जेवण?”

खालून एक भलामोठा बुडबुडा आला आणि पिल्लांच्या पोटाला गुदगुल्या करत फुटला. तात्यांनी ढेकर दिली होती.