आलेच!

फार जुनी गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते. एका नदीकाठी एक तरुण आई राहत होती. आपली लेक घाटावरचे रांगडे शब्द उचलेल, या काळजीने बिचारीचा डोळ्याला डोळा लागत नसे. स्वतःच्या तोंडचा एक शब्द मात्र तिने कधी नीट ऐकला नव्हता. कुणी हाक मारली, की हातातलं काम तसंच चालू ठेवून ती म्हणे, "आलेच!"

त्या गावाचा एक रिवाज होता. शेवटची नाव सोडण्याआधी नावाडी हाळी देई. जो कुणी ओ देईल, त्याला मागे ठेवून नाव सोडायची नाही.

एके दिवशी पलीकडच्या गावी आईच्या बहिणीकडे बारसं होतं. उन्हं कलली तशी नावाड्याने हाळी दिली, "नाव सुटतेय होऽऽ! मागे कुणी आहे का?"

"आलेच!" आई घरातून ओरडली.

नावेत कोष्ट्याची सून तापाने फणफणलेलं बाळ घेऊन बसली होती. वैद्य पलीकडच्या काठाला. ती म्हणाली, "बाबा, निघा ना हो."

"ओ दिलीय पोरी तिनं. येईलच एवढ्यात."

एवढ्यात ती काही आली नाही. आला तो वारा. लाटा उसळल्या आणि नावाड्याने नाव पुन्हा खुंटाला बांधली.

मग लेकीचा हात धरून आई धापा टाकत आली. "वाटेतच होते हो! मेला काटा रुतला पायात."

"नाही गं आई," लेक म्हणाली, "तेव्हा तू माझी दुसरी वेणी घालत होतीस. मग गजरा माळलास. मग लुगडं बदललंस."

कोष्ट्याच्या सुनेने बाळाला फक्त पदराखाली घेतलं. ती चार शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं. आईला मान वर करवेना.

पहाटे वारा पडल्यावर बाळ वैद्याकडे पोचलं. ते वाचलं, पण एका कानाने कायमचं बहिरं झालं.

पुढे हाळी आली, की आई दारात येऊन सांगे, "मला वेळ आहे, तुम्ही निघा." नावाडी निघे. खरं तर तिने काहीही म्हटलं असतं, तरी आता तो निघालाच असता.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, आपल्या तोंडून सहज सुटलेल्या शब्दावरही कुणीतरी विसंबून थांबलेलं असतं.