काहिलीपुढची ऊब

रस कढवायच्या मोठ्या काहिलीखालून पुढे गेलेली ऊब उष्टी. तिच्यावर ताजा रस ठेवायचा नाही, आणि का ते विचारायचे नाही. एका गुऱ्हाळावर एका वृद्ध गुळव्याने आपल्या शिष्येला शिकवलेला हा पहिला नियम.

पाकाच्या नुसत्या वासावरून गूळ ओळखणारे ते ज्ञानी म्हातारे. सगळे त्यांना आबा म्हणत. शिष्येचे नाव चंद्रा; ती कॉलेजातही जायची. मुलीला गुळव्याचे काम शिकवतात म्हणून आबांनी पुष्कळ टोमणे सोसले होते. तिने केलेली पहिली ढेप मात्र कुणाला न देता त्यांनी स्वतःच फोडून खाल्ली होती.

त्या हंगामात आभाळ हटेना. रस काढून उरलेली उसाची चिपाडे जाळायची, तर ती उन्हावाचून ओलीच राहिली. गुऱ्हाळाच्या वडीलधाऱ्यांनी जाळायला जुने टायर आणून टाकले. जाळ घालणारा सिद्राम ते पाहूनच खोकू लागला. गेल्या हंगामातल्या टायरच्या धुराने त्याची छाती आधीच भरलेली होती.

"आबा, यंदा हा माणूस वाचायचा नाही," चंद्रा म्हणाली.

"जाळाशिवाय गूळ होतो का, पोरी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राने एक विचित्र काम केले. काहिलीखालचा धूर जमिनीखालून धुराड्याकडे जातो, त्या वाटेवरची फरशी तिने काढली, तिथे कढई बसवली आणि ती ताज्या रसाने भरली. ओली चिपाडे धुराड्याच्या तापलेल्या भिंतीला लावून उभी केली. छपराखालच्या उरल्यासुरल्या कोरड्या चिपाडांवर पहिली काहील उतरली, तोवर कढईतून वाफा निघत होत्या. तो कढत रस काहिलीत ओतून तिने कढई पुन्हा भरली; काहिलीला थोडक्या जाळावर उकळी फुटली, आणि भिंतीजवळची चिपाडेही कडकडीत वाळली होती. टायरला सिद्रामने हात लावला नव्हता.

वडीलधारे धावत आले.

"अगं, उष्ट्या उबेवर रस? उद्या काकवीत पाय धुशील! कॉलेजात हेच शिकवतात काय?"

"कॉलेजात शिकवत नाहीत, काका. माझं मलाच सुचलं."

"उतरव ती कढई," आबा म्हणाले. आवाज मऊ होता. "माझ्या गुरूंनी घालून दिलेला नियम आहे."

"त्यांना कुणी घालून दिला?"

"त्यांच्या गुरूंनी."

"म्हणजे विचारलं कुणीच नाही. आबा, ऊन आधी छपरावर पडतं, म्हशीच्या पाठीवर पडतं, मग आपल्या चिपाडांवर. ते उष्टं झालं असं आपण कधी म्हटलं का? पाकाचा थेंब सांडला तर तुम्ही मला बोटाने पुसून चाटायला लावता. इतकी आग रोज आभाळात जाते, तेव्हा तुमचा जीव कसा तुटत नाही? ती वाया घालवायची आणि जाळ कमी पडला की सिद्रामदादाला टायरच्या धुरात बसवायचं!"

"वाद पुरे," एक वडीलधारे गरजले. "कढई खाली!"

चंद्रा कढईपुढे जाऊन उभी राहिली.

"नाही उतरवणार. मला हाकला हवं तर. माझी तुमच्यावर माया आहे, आबा, म्हणून तोंडावर सांगते. ही कढई इथेच राहील, आणि टायर पेटणार नाही."

सगळ्यांनी आबांकडे पाहिले. नियम त्यांचा होता, उत्तरही त्यांनीच द्यायचे होते. आबांनी कढईवरच्या वाफेकडे पाहिले आणि काठावर सांडलेला रसाचा थेंब बोटाने पुसून चाटला. मग भिंतीजवळची वाळलेली चिपाडे त्यांनी सिद्रामपुढे सरकवली.