गाळाच्या हौदाची पहिली पाटी

फार फार पूर्वीची गोष्ट. रोमन लोकांच्या काळातली म्हणा हवे तर; पण यातले राजे इतिहासाच्या पुस्तकात शोधू नका, तिथे ते मिळायचे नाहीत. ते फक्त गोष्टीत होऊन गेले.

सात टेकड्यांवर वसलेले एक शहर होते आणि त्या शहराचे एक अफाट साम्राज्य होते. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर, उत्तरेला घनदाट अरण्य. शहराला पाणी यायचे ते थेट पूर्वेच्या डोंगरातून, उंच कमानींवर बांधलेल्या दगडी कालव्याने. चौकाचौकात कारंजी उडायची. सार्वजनिक स्नानगृहे तर इतकी होती, की माणसे सकाळी अंघोळीला जात ती गप्पा आटोपून दुपारी घरी येत.

कालव्याच्या वाटेवर मध्यावर एक भलामोठा हौद होता. डोंगरातले पाणी तिथे घटकाभर विसावे, गाळ तळाशी बसे आणि नितळ पाणी पुढे जाई. द्राक्षांची तोडणी संपली की वर्षातून एकदा हा हौद उपसत. पूर्वेची माणसे येत, पश्चिमेची येत. त्या दिवसाचे नियम दोनच. गाळाची पहिली पाटी राजाने उचलायची. ही पाटी वेताची, दोन कानांची आणि चांगली दणदणीत होती. आणि ज्याच्या अंगाला चिखल नाही, त्याला संध्याकाळच्या पंगतीत जागा नाही. त्यामुळे एखादा सरदार पांढराशुभ्र झगा सावरत काठाकाठाने फिरताना दिसला, की मुले हसत हसत त्याची सोय लावत.

राजाला दोन मुलगे होते. थोरला गंभीर, धाकटा खुशालचेंडू. हौदाच्या दिवशी मात्र दोघेही सारखेच होत. थोरला धाकट्याला आत ढकलायचा, धाकटा पाय धरून थोरल्याला ओढायचा, आणि मग दोघांपैकी कोण कोणता हे त्यांच्या आईलाही ओळखू येत नसे. धाकट्याला वर्षातला हाच दिवस सर्वांत आवडे.

पुढे राजा म्हातारा झाला. राज्य इतके पसरले होते, की सीमेवरच्या भांडणाची खबर राजधानीत पोचेपर्यंत भांडणाऱ्यांची मुलेबाळे एकमेकांच्या घरी नांदत असत. एका माणसाने एवढा पसारा सांभाळायचा कसा? म्हणून राजाने वाटणी केली. पूर्व थोरल्याला, पश्चिम धाकट्याला. त्यात काही चूक नव्हती. दरबाऱ्यांनी नकाशावर रेघ ओढली ती नेमकी हौदाच्या मधून गेली. हौदाबद्दल कोणी काही बोलले नाही. वाटणीच्या वेळी सोन्याची आठवण सर्वांना होते, गाळाची कुणाला होणार?

राजा सुखाने गेला. द्राक्षे तोडून झाली आणि हौद उपसायचा दिवस आला. तेव्हा दरबाऱ्यांच्या लक्षात आले, की राजे आता दोन आहेत आणि पहिली पाटी एकच आहे.

पूर्वेचे म्हणाले, मान थोरल्याचा. पश्चिमेचे म्हणाले, पाणी शहराला जाते, तेव्हा मान शहराच्या राजाचा. दोन्ही बाजूंनी जुने दाखले निघाले, नवे दाखले रचले गेले. शेवटी ठरले, की वाद मिटेपर्यंत पाटी कुणीच उचलायची नाही. पहिली उचलली नाही म्हणून दुसरीही उचलली गेली नाही. पंगत उठली ती जेवल्यावाचूनच.

धाकट्याला वाईट वाटले. पण राजाने वाईट वाटून घेणे शोभत नाही, असे दरबाऱ्यांनी त्याला सांगितले आणि त्यानेही ते ऐकले.

पुढच्या वर्षी तेच झाले, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. हौदावर पहारा मात्र बसला. दोन्हीकडच्या लोकांना आता आरामाची सवय लागली होती. पहाऱ्याला उभे राहायला कुणी तयार होईना. तेव्हा उत्तरेच्या अरण्यातून उंच, तांबूस दाढीची माणसे बोलावली. निम्मी थोरल्याने ठेवली, निम्मी धाकट्याने. ती सगळी एकाच टोळीची होती, पण हे विचारायचे कुणाला सुचले नाही. दिवसा ती एकमेकांवर भाले रोखून उभी राहत आणि संध्याकाळी एकाच चुलीवर रस्सा शिजवत.

इकडे राज्यात आणखी एक गंमत झाली. दोन मुकुट चालतात हे पाहून दूरदूरच्या सुभेदारांनीही आपापले मुकुट घडवून घेतले. सोनारांची चंगळ झाली. धाकट्याचे राज्य आटत आटत शहर आणि आजूबाजूचे द्राक्षमळे एवढेच उरले. थोरल्याचेही फार काही बरे चालले नव्हते.

धाकट्याला त्याचे फारसे काही वाटले नाही. त्याचा जीव होता तो गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसून गाणी म्हणण्यात. पण एके दिवशी चौकातले कारंजे थांबले. मग स्नानगृहे एकेक करून बंद झाली. माणसे सामान बांधून नदीकाठच्या खेड्यांकडे निघाली, आणि अख्ख्या आळ्या ओस पडल्या. अखेर एका सकाळी राजा कुंडात उतरला, तर पाणी घोट्यापर्यंतच होते. तो तसाच बसला. गाणे काही सुचेना.

"दादानेच पाणी अडवलं आहे," तो राणीला म्हणाला. "माझं शहर ओस पडावं, हीच त्याची इच्छा आहे."

राणी तोंडाची फटकळ होती, पण मनाची फार चांगली. ती कोरड्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "अहो, ज्यानं तुम्हाला हौदात ढकलून वर स्वतःच बाहेर काढलं, तो तुमचं पाणी कशाला तोडेल? जाऊन बघा तरी. आणि जाताना दरबारी नेऊ नका, फावडं न्या."

राजाला राग आला. पण घोट्याएवढ्या पाण्यात बसून राग तरी किती वेळ धरणार? शेवटी तो उठला. वडिलांची ती दोन कानांची पाटी कोठारात धूळ खात पडली होती. ती त्याने पाठीला बांधली, फावडे घेतले, घोड्यावर बसला आणि निघाला.

हौदाशी पोचला तेव्हा त्याला आधी हौद दिसेचना. इतक्या वर्षांचा गाळ काठापर्यंत चढला होता. त्याच्या बाजूचा गाळ वाळून टणक झाला होता आणि पहारेकऱ्यांनी त्यावर दुधीचे आणि काकडीचे वेल लावले होते. पलीकडे पाणी तुंबून कालव्याबाहेर सांडत होते. थोरल्याची जैतुनाची झाडे गुडघाभर चिखलात उभी राहून कुजत चालली होती.

धाकटा बघतच राहिला. दादाने पाणी अडवले नव्हते. दादा तर बुडत होता.

पहारेकऱ्यांचा नायक पुढे आला. त्याने राजाला अदबीने एक काकडी दिली आणि सांगितले, की पलीकडचे महाराज रोज म्हणतात, धाकट्यानेच कालव्याचे तोंड बुजवून आमची झाडे मारली. राजाने काकडी खाल्ली. चांगली होती. मग त्याने झगा काढून वेलावर टाकला आणि तो गाळ खणायला लागला.

ही बातमी वाऱ्यासारखी पलीकडे गेली. धाकटे महाराज पहिली पाटी भरत आहेत, हे ऐकताच थोरला ताटावरून उठला. हात न धुताच घोड्यावर बसला आणि ओरडत आला, की माझ्या परवानगीशिवाय पाटी हलता कामा नये.

वरचा टणक थर फोडून धाकटा खालच्या चिखलात कमरेपर्यंत उतरला होता. पाटी काठोकाठ भरली होती आणि त्याला एकट्याला ती उचलत नव्हती. त्याने मान वर केली. दादाचे केस पिकले होते.

"दादा," तो म्हणाला, "या पाटीला दोन कान आहेत. बाबा हयात होते तेव्हा दुसरा कान कोण धरायचं, आठवतं?"

थोरला थबकला. त्याला आठवले. दुसरा कान दर वर्षी त्यांची आई धरायची. पहिली पाटी राजाची, असे सगळे म्हणत आले. पण एकट्या राजाने ती कधी उचललीच नव्हती.

तो घोड्यावरून उतरला, काठावरून पाय घसरला आणि थेट धाकट्याच्या पुढ्यात येऊन आदळला. मग थोरल्याने तोंडावरचा चिखल पुसला, मूठभर घेतला आणि धाकट्याच्या डोक्यावर नेमका थापला. धाकटा इतका हसला, की त्याला उचकी लागली.

दोघांनी दोन कान धरले आणि पहिली पाटी काठावर आली. पहारेकऱ्यांनी भाले टाकून फावडी घेतली. गावोगाव निरोप गेले आणि माणसे धावत आली. हौद मोकळा झाला तसे पाणी धडधडत शहराकडे निघाले. संध्याकाळी दुधीच्या रश्शाची पंगत बसली. वाढायला टोळीचा नायक होता. दोन्ही दरबारांतले जाणते सरदार स्वच्छ कपड्यांत पुढे येऊन बसले, तेव्हा त्याने नियम विचारून घेतला आणि त्यांना प्रेमाने उठवून हौदाची वाट दाखवली.

साम्राज्य काही परत आले नाही. मुकुट घातलेल्या सुभेदारांनी मुकुट काढले नाहीत, आणि दोघे भाऊ गेल्यावर सात टेकड्यांच्या शहरात त्या तांबूस दाढीच्या नायकाचे नातू राज्य करू लागले. पण धाकटा शेवटच्या दिवसापर्यंत गळाभर पाण्यात बसून गायला, आणि दर वर्षी पाहुणा म्हणून आलेला दादा त्याला बेसूर साथ करायचा. राजे बदलले, सीमा बदलल्या. द्राक्षे तोडून झाली की पाटीचे दोन कान धरायला दोन्हीकडची माणसे येतच राहिली. शहराचे पाणी पुन्हा कधी तुटले नाही.

तात्पर्य : वाटणी घराची करा, नाहीतर राज्याची करा, पण ज्याच्यावर दोघांचे जगणे चालते ते सांभाळण्याचे काम कधी वाटू नका, ते मिळूनच करा.