साहेबांच्या लाँचेचा आडोसा

कोळीवाड्यात कुणालाही न विचारता खाडीकाठची तिवरं तोडून काँक्रीटची भिंत बांधायचं ठरलं होतं. अभियंते दातारसाहेब भिंतीचा नकाशा घेऊन ते फक्त सांगायला आले होते. "चिखलातली झुडपं कसल्या लाटा अडवणार?" ते सभेत म्हणाले.

तेवढ्यात वादळाचा इशारा आला. साहेबांची लाँच धक्क्याच्या दगडी भिंतीला बांधलेली होती. तिवरांमागेच घर असलेल्या चांगुणा तांडेलने विचारलं, "साहेब, लाँच भिंतीशीच राहू दे ना?"

"वेड लागलंय का बाई? आपटून फुटेल. तिवरांच्या आत नेऊन बांधा."

"बांधतो की आम्ही," चांगुणा म्हणाली. "पण तुमच्या लाँचेला जो आडोसा लागतो, तो आमच्या घरांपुढून का काढताय?"

साहेबांनी नकाशा गुंडाळला. लाँच मात्र तिवरांतच बांधून घेतली.